खऱ्या वाक्यांची वही

बदलापूर,
सोमवार, २२ नोव्हेंबर १९५४

चि. श्यामकांत यास कुमुदताईचे अ. उ. आ.

आज सोमवार, दिनांक २२ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तू ज्या शाळेच्या समितीचा चिटणीस म्हणून मिरवतोस त्या अंबरनाथच्या शाळेत, नववीच्या वर्गात, हेडमास्तर हेमचंद्र यांनी चिमी भोईर या मुलीच्या हातातली वही हिसकावून घेतली. वेळ नेमकी सांगते आहे, कारण वर्गातले घड्याळ तिच्या समोर होते आणि दुसरीकडे कुठे बघायची तिची छाती झाली नाही.

चिमी म्हणजे चिखलोलीच्या भगवंतची थोरली. भगवंत तुझ्याच कारखान्यात डब्यांची झाकणे कापायच्या प्रेसवर आहे, तेव्हा तुला ओळख करून द्यायला नको. दर शनिवार-रविवारी पाच मुली माझ्या ओटीवर इंग्रजी शब्द शिकायला येतात, त्यांतली ही सर्वांत हुशार. सरकारच्या कृपेने हल्ली पोरांना आठवीत गेल्यावर पहिल्यांदा ए-बी-सी-डी दिसते आणि चार वर्षांत मॅट्रिकचा डोंगर चढायचा असतो. तुमचे हेडमास्तर त्यावर उपाय म्हणून रोज वीस शब्द अर्थासकट पाठ करवून घेतात. सोमवारी पाठ, बुधवारी सपाट.

माझी रीत वेगळी आहे. आठवड्याला पंधरा शब्द. अर्थ पाठ करायचा नाही. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करायचे आणि ते खरे हवे: आपल्या घरातले, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले. राजा, वाघ, लंडन असले काही चालत नाही. जो शब्द आपल्या घरात वापरता येत नाही तो अजून आपला झालेला नाही, असे मी मुलींना सांगते. खोटे वाक्य दिसले की तांबड्या पेन्सिलीने खोडते. हेडमास्तरांनी हिसकावलेली वही ती ही.

मला नन्सनी शिकवले. त्या छडीने हाताची सालटी काढीत, पण कुणाची वही कधी पळवीत नसत.

चिमी शाळेतून परस्पर इकडे आली. घोटभर पाणी प्यायली तेही ओकून पडले. पुन्हापुन्हा एवढेच म्हणत होती की बाई, ती वही कुणी वाचायला नको. हेडमास्तरांना इतके घाबरायचे कारण नाही, असे मी सांगून पाहिले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मलाच काही समजत नाहीसे वाटले. एका पोरीला इतकी धास्ती घालणारा माणूस शाळेत ठेवायचा की सर्कशीत, हे समितीने ठरवावे.

वही परत हवी. वृंदाला आशीर्वाद. तुझा खोकला गेला असल्यास कळव, नसल्यास सिगारेटी सोड. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

कुमुदताई

●

अंबरनाथ,
बुधवार, २४ नोव्हेंबर १९५४

ती. ताईस श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले. टपालवाल्याने ते जरा लांबूनच दिले, आतली धग बाहेर लागत असावी.

वही माझ्याकडे आहे. हेडमास्तर काल स्वतः घेऊन आले आणि दहाव्या पानावर बोट ठेवून उभे राहिले. ‘अंडर’ या शब्दापुढे तुझ्या चिमीने लिहिले आहे की आमचे हेडमास्तर टेबलाखाली पुस्तक धरून अर्थ वाचतात. त्यांचे म्हणणे असे की हा शाळेचा अपमान आहे. माझे म्हणणे असे की हे खरे आहे, पण ते मी मनातच ठेवले. ते गेल्यावर आम्ही दोघे इतके हसलो की वृंदाला उचकी लागली.

तरीही ताई, मी चिटणीस आहे. पुढच्या बुधवारी समितीपुढे वही ठेवावीच लागेल. मुलीने दोन ओळींची माफी लिहून दिली की प्रकरण संपले. त्याआधी रविवारी दुपारी जेवून पान जमवून मी सगळी वही सावकाश वाचणार आहे. पहिली दहा पाने वाचली, त्यावरून सांगतो, आमच्या हिशेबनिसापेक्षा या पोरीचे इंग्रजी बरे आहे. तुझ्या रीतीत काहीतरी आहे, हे कबूल करतो. हे पत्र जपून ठेव, असे पुन्हा लिहिणार नाही.

तिच्या बापाविषयी एक आनंदाची बातमी. आमच्याकडे विलायतेहून नवी प्रेस आली आहे. सोमवार, २९ तारखेच्या सातच्या पाळीपासून ती भगवंतच्या ताब्यात द्यायची, असे मी साहेबांकडून मंजूर करून घेतले. चौदा वर्षांत त्या माणसाच्या हाताला ओरखडा नाही. डोळे मिटून काम करतो असे सगळे त्याला म्हणतात. मुलीला सांग, म्हणजे हेडमास्तरांची भीती पळून जाईल.

खोकला आहे. सिगारेटीही आहेत. ममता आहेच, रागातूनही ती दिसते.

तुझा
श्यामकांत

●

बदलापूर,
गुरुवार, २५ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. वृंदा हीस अ. उ. आ.

हे पत्र टपालाने नाही, चिमीच्या आईच्या, सगुणाबाईच्या टोपलीतून येत आहे. ती सकाळी तुमच्या बाजूला मेथी आणि वालाच्या शेंगा घेऊन येते, तुझ्या दारीही बसते. हे श्यामकांतला दाखवू नकोस. तुझ्या लग्नाला अठरा वर्षे झाली, आजवर असे मी कधी लिहिले नव्हते. 

श्यामकांतचे पत्र दुपारी आले. बातमी सांगायला मी तशीच चिखलोलीला चालत गेले. चिमी मंगळवारपासून शाळेत गेलेली नाही. भगवंतला दुपारची सुटी होती, तो अंगणात बाजेवर बसला होता. मी त्याच्यापासून चार पावलांवर, भर उन्हात उभी होते. तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला की कोण हाय, चिमे, बघ जरा. मी बोलले तेव्हा गडबडीने उठला, बाई तुम्ही होय, म्हणाला, आणि उन्हाला दोष दिला. ऊन त्याच्या पाठीशी होते.

मी मशीनची गोष्ट काढली. त्याने मान खाली घातली. चिमी आत पळाली. मग सगुणाबाईने मला गोठ्यामागे नेले आणि सगळे सांगितले. आमच्या मानसाला दोन वर्सांपासून धड दिसत नाय, म्हणाली. आधी दिव्याभोवती कडे दिसायचे, आता माणसाचा नुसता आकार कळतो. जुन्या प्रेसवर तो मोजून काम करतो. पत्रा सारला की एक, हात काढला की दोन, मग पाय दाबायचा. हाताला सवय आहे म्हणून निभते. घरात तिघांनाच ठाऊक आहे आणि चिमीने देवाची शपथ घेतली आहे की कुणाला सांगणार नाही.

आणि वृंदा, तिने कुणाला सांगितले नाही. तिने वहीत लिहिले. मी म्हणाले होते ना, खरे वाक्य हवे. इंग्रजी घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून तिला ती एकच जागा सुरक्षित वाटली. दहाव्या पानापुढे सगळे आहे. श्यामकांत रविवारी ते वाचेल. तो वाईट नाही, पण तो ऑफिसर आहे, आणि कारखान्यात कळले तर त्या माणसाचे काय होईल हे मला विचारवत नाही.

तेवढी वही लपव. हरवली म्हण, मोलकरणीने बंबात घातली म्हण, काहीही सांग. आयुष्यभर मुलींना खरे लिहा म्हणून शिकवले आणि आज तुला खोटे बोलायला सांगते आहे, याची लाज वाटते. पण भीती तिच्याहून मोठी आहे.

याच टोपलीतून उत्तर पाठव. पोरांना पापे, तुला पोटभर माया.

कुमुदताई

●

अंबरनाथ,
शुक्रवार, २६ नोव्हेंबर १९५४

ती. वन्संना सौ. वृंदाचा सा. न. वि. वि.

वही माझ्या कपाटात पैठणीखाली आहे आणि किल्ली कमरेला आहे. इकडून आज सकाळी विचारणे झाले, तेव्हा मी सांगितले की कुठेतरी ठेवली, शोधते. एवढे खोटे बोलले आहे. आणखी बोलवणार नाही, ते का ते लिहिते.

पहिले, मी वही वाचली. माझे इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, तरी डिक्शनरी घेऊन बसले. ‘बोन’ या शब्दापुढे तिने लिहिले आहे की आई बाबांच्या माशातले काटे काढून मग ताट वाढते. ‘काऊंट’पुढे, फाटकापासून मशीनपर्यंत बाबांची एक्केचाळीस पावले होतात. ‘लीड’पुढे, मी बाबांना रोज मोरीच्या पुलापर्यंत हात धरून नेते, पुढे ते एकटे जातात, लोकांनी पाहू नये म्हणून. वन्सं, ही वाक्ये वाचून मला कळले. मग तुम्हाला कसे नाही कळले, हा प्रश्न माझ्या मनात आला. धाकटी म्हणून विचारू नये, पण विचारते. प्रत्येक वाक्याखाली तुमच्या तांबड्या पेन्सिलीची खूण आहे.

दुसरे, इकडच्या स्वारीने काल जेवताना काड्यापेट्या मांडून मला नवी प्रेस समजावली. जुनी पायाने दाबली की खाली येते. नवी आपली आपण येते, थांबत नाही, हात काढलात की नाही हे ती बघत नाही. म्हणजे मोजून निभणार नाही. तिथे डोळेच लागतात.

तिसरे, कारखान्यातल्या हरिचंद्रची गोष्ट तुम्हाला आम्ही कळवली नव्हती. गेल्या वर्षी त्याची तीन बोटे प्रेसमध्ये गेली. रिपोर्ट इकडून लिहायचा होता. महिनाभर इकडे भाताचा घास हातात घेऊन नुसते बघत बसणे व्हायचे. तेव्हापासून कारखान्यात नियम झाला की डोळ्यात किंवा कानात दोष सापडला, तर त्याच दिवशी नाव कमी. इकडूनच तो नियम आग्रहाने करून घेतला गेला. एकदा तपासणीही झाली, पण भगवंतने भिंतीवरची अक्षरे पुढच्या माणसाकडून ऐकून म्हटली असावीत. हा माझा तर्क.

आणि काल भगवंत केबिनमध्ये आला होता म्हणे. नवे मशीन दुसऱ्याला द्या, म्हणाला. इकडून त्याला हसून घालवले, घाबरू नकोस, चार दिवसांत सवय होईल, असे सांगून. इकडे अजूनही वाटते आहे की आपण त्याचे कल्याण करतो आहोत.

वही लपवली तर सोमवारी सात वाजता तो माणूस त्या मशीनपुढे उभा राहील. वही दिली तर सोमवारी त्याचे नाव कमी होईल. मला दोन्हींची सारखीच भीती वाटते. सगुणाबाई दारात बसली होती तेव्हा मी शेंगा निवडत बसले, तिच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. तुम्ही मोठ्या आहात. तुमचे इकडे ऐकले जाते, माझे ऐकले जात नाही असे नाही, पण तुमचे भिऊन ऐकले जाते. तुम्हीच लिहा, आणि रविवारच्या आत लिहा.

रागावू नये. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची
वृंदा

●

बदलापूर,
शनिवार, २७ नोव्हेंबर १९५४, सकाळी साडेआठ

चि. श्यामकांत यास अ. उ. आ.

हे पत्र सगुणाबाई तुझ्या हातात देईल. तिला दारात उभी ठेवू नकोस, आत बसव. ती भगवंतची बायको आहे. पत्र वाचून होईपर्यंत तिला काही विचारू नकोस.

वृंदाकडे वही माग. ती मीच तिला लपवायला सांगितली होती, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. अकराव्या पानापासून पुढे वाच. तुला हवे ते सगळे तिथे आहे: भगवंतला दिसत नाही. दोन वर्षे झाली. चौदा वर्षांत ओरखडा नाही म्हणतोस, त्यांतली शेवटची दोन वर्षे तो मोजून काम करतो आहे.

आता चौदावे पान काढ. ‘डिम’ हा शब्द आहे. चिमीने लिहिले आहे, बाबा म्हणतात दिवा मंद आहे, दिवा मंद नाही. ते वाक्य मी खोडलेले दिसेल. बाजूला तांबड्या अक्षरात माझा शेरा आहे: दिवा मंद आहे आणि मंद नाही, दोन्ही एकदम कसे? विचार करून लिही. पंधरा वर्षांची पोर मला तिचे सर्वांत मोठे भय सांगत होती आणि मी तिला विचार करायला सांगितले. ‘बोन’पुढे मी उत्तम असा शेरा मारला आहे. काट्यांचे उत्तम. वृंदाने मला विचारले की तुम्हाला कसे कळले नाही. मी चुका शोधत होते, त्यामुळे बाकी काही दिसले नाही. छत्तीस वर्षे मास्तरणीची नोकरी करून हे आज समजते आहे. तेव्हा डोळे असून न पाहणाऱ्या माणसाला जर तुझ्या नियमाने काढून टाकायचे असेल, तर सुरुवात माझ्यापासून कर, मग तुझ्यापासून. तो गुरुवारी तुझ्या केबिनमध्ये येऊन नाही म्हणाला, तेव्हा तू हसलास.

तुला हरिचंद्रच्या अपघाताची भीती आहे, हे वृंदाकडून कळले. मला ते तू का सांगितले नाहीस, याचे भांडण नंतर करू. त्या भीतीने तू नियम केलास की दोष दिसला की माणूस त्याच दिवशी घरी. हेतू चांगला होता. पण त्याने झाले काय, तर माणसे हात वाचवायला लागली नाहीत, डोळे लपवायला लागली. भगवंतने लपवले ते तुझ्या नियमाला भिऊन.

सगुणाबाईला मी काल विचारले की श्यामकांतला सांगू का. ती वाल सोलत होती. हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली की सांगा बाई, उपाशी राहू ते दोन हातांनी राहू. भगवंतला या पत्राचे ठाऊक नाही. चिमीला ठाऊक आहे. तिने विचारले की बाई, शपथ मोडली तर बाबांनाच लागेल ना. मी सांगितले की लागत नाही. मला खात्रीने माहीत असल्यासारखे सांगितले.

मला मात्र त्यांना उपाशी ठेवायचे नाही आणि हातही जाऊ द्यायचा नाही. तेव्हा नीट वाच. सोमवारी भगवंत नव्या प्रेसवर जाणार नाही, जुन्याही नाही. झाकणे पेटीत भरण्याचे काम हाताच्या अंदाजाने होते, तूच मला गेल्या गणपतीत ते दाखवायला नेले होतेस. तिथे त्याला घे. रजा देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोळे दाखवायला पाठव. मोतीबिंदू असेल तर निघतोही, नसेल तर काय ते डॉक्टर सांगतील, पण ते कळेपर्यंत त्याचे नाव पटावरून जाणार नाही. साहेब विचारतील, तर सांग की चौदा वर्षांच्या माणसाची जबाबदारी मी घेतो. तुला सांगायचे धैर्य होत नसेल, तर मी येऊन सांगते. माझे इंग्रजी साहेबांना समजेल, त्यांचे मला समजेलच असे नाही.

हेडमास्तरांची माफी मी स्वतः लिहून देते. अंडर, ओव्हर, वाटेल तिथे. समितीत त्या वहीचे एक पान वाचले जाता कामा नये. वही चिमीच्या हातात जाईल आणि ती शाळेत येईल.

श्यामकांत, तू लहान होतास तेव्हा उसाच्या चरकाजवळ गेलास की मी मागून सदरा धरून ठेवायची. आईला वाटे मी तुला छळते. या तीन दिवसांत मला सारखे तसेच वाटते आहे, फक्त हातात सदरा नाही. मी भ्यालेली आहे. आजवर हे तुला कधी लिहिले नाही, पुन्हा लिहायला लावू नकोस.

तोंडी निरोप चालणार नाही, वृंदाकरवी गोड बोलणेही चालणार नाही. भगवंत कुठल्या कामावर जाईल आणि त्याचे नाव पटावर राहील, हे दोन्ही स्वच्छ लिहून हवे. खाली धाकटा भाऊ म्हणून सही नको, पूर्ण नाव आणि कारखान्यातला हुद्दा हवा. सगुणाबाई उद्या, रविवार, २८ तारखेला पुन्हा तुझ्या दारात येईल. संध्याकाळी पाचच्या आत ते पत्र तिच्या हातात पडले पाहिजे.

पाचपर्यंत लेखी उत्तर मिळाले नाही, तर सोमवारी सकाळी पावणेसातला मी कारखान्याच्या फाटकाशी उभी असेन. सगळ्या पाळीदेखत भगवंतचा हात धरीन आणि त्याला चिखलोलीला परत नेईन. मग त्याचे नाव जाईल, तुझे नाक जाईल, माझे तोंड तर सगळ्या अंबरनाथला माहीत आहेच. पण हात राहील. यातले काही व्हायला नको असेल, तर तुझ्याकडे उद्या पाचपर्यंत वेळ आहे.

लोभाचे उत्तर आल्यावर बघू.

तुझी
कुमुदताई